जन्माला बंदी असलेलं बेट

ईदचा चंद्र दिसतो की नाही याची दुबईत सगळ्यात जास्त काळजी कुणाला असते, तर आम्हाला. आम्ही म्हणजे एकही रोजा न धरणारे पगारदार लोक. आमची सुट्टी रमझानच्या एकोणतिसाव्या दिवशी सुरू होते आणि ईदच्या तिसऱ्या दिवशी संपते. एकोणतिसाव्या संध्याकाळी चंद्र दिसला, तर दुसऱ्या दिवशी ईद. नाही दिसला, तर रमझान तीस दिवसांचा आणि सुट्टीला एक दिवस आपोआप जोडून मिळतो. म्हणून त्या संध्याकाळी आकाशात ढग यावेत अशी आम्ही मनातल्या मनात प्रार्थना करतो. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा रत्नागिरीचा मित्र महिनाभर उपाशीपोटी काम करायचा. तो म्हणायचा, "हबीबी, आमची ईद लांबवतोस तू. पाप लागेल तुला."

त्या वर्षी चंद्राने माझं ऐकलं. पण मिळालेला जादा दिवस असा जाईल हे मला ठाऊक नव्हतं.

बातमी आली तेव्हा मी ग्रीसमधल्या मिकोनोस बेटावर मुलीबरोबर जेवत होतो. सुट्टीची पहिलीच रात्र होती. मुलगी रॉटरडॅमहून आली होती आणि मी दुबईहून. सहल तिच्याच डोक्यातून निघाली होती. मी जुलैत साठीचा होऊन निवृत्त होणार होतो, त्याआधी एक ईद आपण दोघांनी मिळून काढायची असा तिचा हट्ट होता. बायको तीन वर्षांपूर्वीच पुण्याला गेली होती. "मी पुढे जाऊन घर लावते," असं म्हणून गेली आणि तिने ते इतकं पक्कं लावलं, की आता तिथे माझा दाढीचा ब्रश ठेवायलासुद्धा विचारावं लागतं. तिला ग्रीसबद्दल विचारलं तर म्हणाली, "अहो, त्या आठवड्यात माझी भिशी आहे. तुम्ही दोघं जा."

तर जेवताना ऑफिसचा मेसेज आला, चंद्र दिसला नाही. मला लहान मुलासारखा आनंद झाला. मी तिथल्या तिथे तिकीट पुढे ढकलायला घेतलं आणि मुलीला म्हणालो, "तूसुद्धा एक दिवस वाढव. यल्ला, बॉसला मेसेज कर."

ती हसली. म्हणाली, "बाबा, रॉटरडॅममध्ये चंद्र नसतो. माय लीव्ह इज माय लीव्ह."

मी तरीही तिकीट बदललं. तिचं मन बदलेल असं मला वाटत होतं. ती पाच वर्षांची असताना मी असाच हट्ट केला की तिचं मन बदलायचं.

मिकोनोससमोर डेलॉस नावाचं छोटं बेट आहे. आज तिथे कुणी राहत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी ते भरभराटीचं बंदर होतं आणि सगळ्या बेटावर त्या गावाचे अवशेष पसरलेले आहेत. ते बघायला म्हणूनच आम्ही इतक्या लांब आलो होतो. पण वारा सुटला. बंदरावरची बाई सकाळी हाताने फुली करून दाखवायची, आज बोट नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. एप्रिलचा सुरुवातीचा आठवडा, मोसम अजून सुरू झाला नव्हता. निम्मी दुकानं बंद, गल्ल्यांमधून चुना मारायचं काम चाललेलं. आम्ही दोघं जाकिटाच्या खिशात हात घालून फिरायचो, कॉफी प्यायचो आणि पुन्हा फिरायचो. मला ते दिवस फार आवडले, कारण तिला कुठे पळायची घाई नव्हती.

तिसऱ्या संध्याकाळी तिने मला ते सांगितलं. ती डच नागरिकत्वासाठी अर्ज करणार होती. म्हणजे भारतीय पासपोर्ट परत करावा लागणार. तिने हे अगदी नीट, ऑफिसात एखादी अडचण मांडावी तसं मांडलं. आधी मला समजलंच नाही. समजलं तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो हा, "आईला माहीत आहे?"

"सिन्स डिसेंबर," ती म्हणाली.

"आणि मला आत्ता?"

"बिकॉज आईला मी सांगितलं. तुला मी विचारतेय."

"परवानगी?"

"नो, बाबा. परमिशन नाही. आय जस्ट वाँट यू टु बी ओके विथ इट."

मी म्हणालो, आपला देश आहे तो. ती म्हणाली, "मी तिथे फक्त जुलै-ऑगस्टमध्ये राहिलेय, मामाकडे." मी म्हणालो, मग आता तिथे जायला व्हिसा काढणार? ती म्हणाली, "ओसीआय कार्ड मिळतं. लाइफलाँग." मी म्हणालो, "स्वतःच्या घरी जायला कार्ड?" आणि गप्प बसलो. माझा राग असाच आहे. मी ओरडत नाही, गप्प बसतो. बायको म्हणते त्यापेक्षा ओरडलेलं बरं. मुलगी बराच वेळ वाट बघत बसली. मग तिने बिल मागवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच टॅक्सी आली. तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, "थिंक अबाउट इट. पण कायतरी बोल मला. प्लीज." मी म्हणालो, "पोचलीस की फोन कर." टॅक्सी वळणावरून गेली आणि मी हॉटेलच्या दारात उभा राहिलो. तेव्हा लक्षात आलं, की माझा चेहरा गार पडलेला नाही. वारा थांबला होता.

बंदरावरच्या बाईने फुली न करता अंगठा वर केला.

बोटीत आम्ही वीसेक माणसं असू. एक इंग्रजांचा गट होता, त्यांच्याबरोबर त्यांची गाईड. बाकी सगळी जोडपी. मी रेलिंगपाशी उभा राहिलो आणि मुलीसाठी फोटो काढले. मग आठवलं, आपण तिच्यावर रागावलोय. तरीही काढत राहिलो. तिला पाठवले मात्र नाहीत.

मी ड्रेनेजवाला माणूस. आयुष्यभर इमारतींचं पाणी कुठून कुठे जातं हेच बघत आलो. त्यामुळे डेलॉसवर उतरल्यावर सगळे लोक खांबांचे फोटो काढत असताना माझी नजर जमिनीवर गेली. रस्त्याच्या दगडी फरशांखाली गटार होतं. एक फरशी फुटलेली होती, तिच्यातून आत डोकावता येत होतं. उतार चांगला दिला होता. हे दाखवायला मी बाजूला वळलो आणि बाजूला कुणीच नव्हतं. लहानपणी तिला मी मॅनहोलची झाकणं दाखवायचो आणि ती खरंच बघायची. तिच्या आईने कपाळावर हात मारून घेतलेला मला आठवतो.

गाव समुद्राला लागून होतं. पहिल्यांदा धक्का, मग गोदामं, मग बाजाराचे चौक. इंग्रजांची गाईड उभी राहिली की मीही चार पावलं लांब उभा राहायचो आणि दुसरीकडे बघत ऐकायचो. फुकटात मिळालेलं ज्ञान आमच्याकडे कुणी सोडत नाही. तिने सांगितलं, की रोमन लोकांनी हे बंदर करमुक्त केलं आणि मग चारी दिशांचे व्यापारी इथे येऊन राहिले. सिरियाचे, इजिप्तचे, इटलीचे. एवढ्याशा बेटावर पिण्याचं पाणी धड नाही, शेती नाही, सगळं बाहेरून यायचं. तरी माणसांची नुसती झुंबड. मला मनात हसू आलं. आम्ही जिथे राहतो तिथलंच वर्णन चाललं होतं. समोर मोडकी देवळं दिसत होती, ज्याची त्याची. ग्रीकांची वेगळी, सिरियनांची वेगळी, ज्यूंची प्रार्थनेची जागासुद्धा होती म्हणे. बर दुबईच्या देवळाच्या गल्लीत एका बाजूला नारळ फुटतो आणि दोन पावलांवर अजान ऐकू येते, तसंच असणार.

मग ती एका मोठ्या वास्तूपाशी थांबली. मधे अंगण, भोवती खांबांची ओवरी, पलीकडे खोल्या. ही बैरुतहून आलेल्या व्यापाऱ्यांच्या संघटनेची जागा, असं ती म्हणाली. इथे ते आपल्या गावचे देव पुजायचे, सभा घ्यायचे, जेवणं करायचे आणि देणगीदारांची नावं दगडावर कोरायचे.

म्हणजे मंडळच की! मला इतका आनंद झाला, की मी मोठ्याने "मंडळ!" म्हणालो आणि दोन इंग्रज माणसांनी वळून बघितलं. आमचं मंडळ डोळ्यांसमोर आलं. गणपतीच्या आधी महिनाभर कुणाच्या ना कुणाच्या हॉलमध्ये चाललेली आरतीची तालीम. देणगीदारांची नावं बॅनरवर कुठल्या क्रमाने घालायची यावरून झालेली भांडणं. एका वर्षी तर एका गृहस्थांनी त्यांचं नाव खाली गेलं म्हणून मोदकांना हात लावला नव्हता. दगडावर कोरायचं म्हटलं असतं, तर रक्त सांडलं असतं.

गट पुढे गेला. मी त्या अंगणात थांबलो. दगडांच्या फटींमधून लाल फुलं उगवली होती आणि पाली ऊन खात पडल्या होत्या. गाईडने सांगितलं होतं, की एका राजाच्या सैन्याने गाव लुटलं, मग चाच्यांनी लुटलं, मग व्यापार दुसऱ्या बंदराकडे गेला आणि लोक निघून गेले. मी विचार करत बसलो, की मंडळाचं सामान शेवटी कुणी आवरलं असेल. कारण आमच्या मंडळाचं मखर, समया आणि ढोलकी अल बर्शामधल्या माझ्या इमारतीच्या स्टोअररूममध्ये ठेवलेली आहेत. जुलैच्या आत ती कुणाला तरी द्यायची आहेत. मी चौघांना विचारून बघितलं, चौघेही म्हणाले की आमचंच काही नक्की नाही. त्या अंगणात बसून मला पहिल्यांदाच नीट कळलं, की आपण खरंच जाणार आहोत. तोपर्यंत निवृत्ती हा ऑफिसातला शब्द होता. मला रडू आलं नाही, पण बराच वेळ उठावंसंही वाटलं नाही.

पुढे एक कोरडं तळं लागलं. मध्यभागी एकच खजुराचं झाड. बेटावर दुसरं झाड मला दिसलं नाही. ते नंतर लावलेलं आहे, पण गोष्ट जुनी आहे. अपोलो देवाच्या आईला बाळंत व्हायला कुणीच जागा देत नव्हतं, ती या बेटावर आली आणि खजुराला धरून तिने देवाला जन्म दिला. इथवर ठीक होतं. त्यानंतर गाईड म्हणाली, की देवाच्या जन्माची जागा पवित्र राहावी म्हणून अथेन्सच्या लोकांनी कायदा केला. या बेटावर इथून पुढे कुणी जन्मायचं नाही आणि कुणी मरायचं नाही. दिवस भरलेल्या बायकांना आणि शेवटच्या घटका मोजणाऱ्या माणसांना होडीत घालून समोरच्या आणखी एका बेटावर न्यायचे. आधीच्या मेलेल्यांच्या कबरीसुद्धा खणून तिकडे नेल्या.

इंग्रज मंडळी हसली. "हाऊ ऑड," असं कुणीतरी म्हणालं.

मला हसू आलं नाही. मला राग आला, आणि तोही गप्प बसायचा राग नव्हे. देवाच्या आईला कुणी जागा देत नव्हतं म्हणून ज्या बेटाचं कौतुक, त्याच बेटाने नंतर सगळ्या आयांना होडीत बसवलं. आणि ती गाईड हे सांगताना इतकी गोड हसत होती, की मला तिला विचारावंसं वाटलं, बाई, तुमचा जन्म कुठला?

माझ्या मुलीचा जन्म दुबईचा. दवाखान्यातून तिला घरी आणली तेव्हा ती दोन्ही मुठी मिटून झोपली होती. त्यानंतर मी तिचा पासपोर्ट काढायला धावलो, आणि पासपोर्ट आल्यावर तिचा व्हिसा काढायला. जिथे जन्मली तिथे राहण्याचा व्हिसा. तेव्हा मला त्यात काही विचित्र वाटलं नव्हतं. सगळेच करत होते, मीही केलं. फोटोत तिचे डोळे उघडे हवे होते आणि ती उघडायची नाही, एवढंच काय ते टेन्शन होतं. पुढे आमच्या ऑफिसातला एक माणूस अचानक गेला, तेव्हा त्याला घरी पाठवायची धावपळ मी केली. तेव्हा कळलं, की आधी मेलेल्या माणसाचाही व्हिसा रद्द करावा लागतो. काउंटरवरच्या माणसाने फार सभ्यपणे, हळू आवाजात सगळं करून दिलं. मी कुणावर चिडावं असं काहीच नव्हतं. कुणी फसवलं नव्हतं. आम्ही कामाला आलो होतो, आणि काम संपलं की जायचं हे पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं. तरी त्या खजुरापाशी उभं राहून मला सगळ्या जगाचा राग आला आणि तो काढायला जवळ माणूस नव्हतं.

मी तिथून एकटाच घरांच्या वस्तीकडे चढलो. अरुंद गल्ल्या, दोन्हीकडे माणसाच्या उंचीच्या भिंती आणि वर नुसतं आकाश. गल्फमध्ये इतकी वर्षं काढलेला माणूस कुठलंही घर बघितलं की आधी खोल्या मोजतो. हा हॉल, हे दोन बेडरूम, ही मेड्स रूम, पार्किंग नाही. काही घरांना व्ह्यूही होता. एका घरात नवरा-बायकोचे पुतळे शेजारी शेजारी उभे होते, दोघांनाही डोकी नव्हती. बाईने पदरासारखं वस्त्र नीट आवरून घेतलं होतं. परदेशात येऊन घर बांधलं आणि दारात स्वतःचेच पुतळे उभे केले. बायकोला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "छान. जेवलात का?"

गल्लीच्या टोकाला एक छोटं घर होतं. दोरी नाही, पाटी नाही. दगडाचा उंबरठा, आणि आत पांढऱ्या खड्यांची जमीन, अजून गुळगुळीत. मी आत शिरलो. पण त्याआधी, काहीही विचार न करता, मी उंबरठ्याबाहेर बूट काढून ठेवले.

लगेच शिट्टी वाजली. वरच्या वाटेवरून एक पहारेकरीण हातवारे करत खाली आली. "शूज! शूज!" मी मोजे घालून त्या जमिनीवर उभा. तिला वाटलं असावं, हा माणूस इथे पथारी पसरतोय. मी इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला, की आमच्याकडे कुणाच्या घरात जाताना बूट बाहेर काढतात. तिने माझ्याकडे बघितलं, बुटांकडे बघितलं, आत रिकाम्या भिंतींकडे बघितलं. तिचा चेहरा एकदम मऊ झाला.

"नोबडी होम, सर," ती म्हणाली.

मी बूट घातले. ती निघून गेली आणि मी उंबरठ्यापलीकडे भिंतीला टेकून बसलो. त्या दिवसात मी कुणाशी बोललेलं ते सगळ्यात लांब बोलणं होतं. आता पुढे असेच दिवस असतील का, असं मनात आलं. अल बर्शाच्या घरात संध्याकाळी परत आलो की मी रेडिओ लावायच्या आधी दिवा लावत नाही, कारण अंधारापेक्षा शांतता जास्त बोचते. पुण्यात बायको असेल, पण तिची सकाळ बागेतल्या मैत्रिणींची, दुपार तिच्या आईची, संध्याकाळ क्लासची. मी तिथे बदली होऊन आलेल्या साहेबासारखा वावरणार. आणि मुलगी एका देशाची होऊन जाणार, ज्याच्या भाषेत मला पाणीसुद्धा मागता येत नाही. खरं सांगायचं तर देश वगैरे सगळं बोलायचं होतं. मला भीती वाटत होती, की ती आता आमची राहणार नाही.

फोन वाजला. तीच होती.

"पोचले. लँडेड, ट्रेन, डेस्क, एव्हरीथिंग. डेलॉसला गेलास?"

"तिथेच आहे."

"नो वे! बोट निघाली? आय हेट यू. कसं आहे?"

मी तिला गटाराचा उतार सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मंडळाचं सांगितलं, ती खूप हसली. मग तो कायदा सांगितला. कुणी जन्मायचं नाही, कुणी मरायचं नाही. ती म्हणाली, "ओ माय गॉड. सो दुबई."

मला आता विचारायचंच होतं. मी म्हणालो, "तुला हॉलंड इतकं आवडतं का गं?"

"हॉलंड?" तिला खरंच नवल वाटलं होतं. "बाबा, इट्स ओके. पाऊस असतो, जेवण भयंकर आहे. हॉलंडचा काय संबंध?"

"मग पासपोर्ट कशाला?"

"तू जुलैमध्ये जाणार. युअर व्हिसा इज खलास. आत्तापर्यंत मी घरी यायचे ते तू व्हिसा काढायचास म्हणून. हू विल डू इट नाऊ? त्या पासपोर्टवर मला कुणाला विचारायला नको. जस्ट वॉक इन. दे स्टॅम्प इट, अँड आय ॲम होम."

"घरी म्हणजे?"

"दुबई, बाबा. ऑब्व्हियसली."

"पण तिथे आपलं काय उरणार? मी नाही, आई नाही, फ्लॅटसुद्धा नाही."

"आय नो." ती म्हणाली. "तरी मला जायचं असेल ना कधीतरी. आय वॉज बॉर्न देअर."

समोरच्या बेटाकडे बघत मी बसून राहिलो. तेच ते बेट, जिथे बायकांना बाळंतपणाला न्यायचे. मधलं पाणी इतकं थोडं, की इथून तिथल्या शेळ्या दिसत होत्या. काल संध्याकाळपासून मी समजत होतो की ही मुलगी आम्हाला सोडून चालली आहे, आणि ती परत यायचा रस्ता शोधत होती. फक्त ती जिथे परत येऊ बघत होती, तिथे मी नसणार होतो. याचं मला बरंही वाटलं आणि फार वाईटही वाटलं.

"बाबा? से समथिंग."

"अर्जाला काय काय लागतं?" मी विचारलं.

"खूप काही. बर्थ सर्टिफिकेट, ओरिजिनल, विथ ऑल द स्टॅम्प्स. मिनिस्ट्री, एम्बसी, ट्रान्सलेशन—"

"ते माझ्या कपाटात आहे. मी करून देतो. जायच्या आधी करून ठेवतो."

"इज दॅट अ येस?"

"करून देतो म्हटलं ना."

"बाबा. से इट."

"हो," मी म्हणालो. "घे."

ती रडली की हसली ते कळलं नाही, वाऱ्याची एक झुळूक फोनमध्ये शिरली. मग तिला मीटिंगला जायचं होतं.

डेलॉसवर रात्री कुणाला राहता येत नाही. दुपारी पहारेकरी गल्लीगल्लीतून शिट्ट्या वाजवत लोकांना धक्क्याकडे काढतात. मी शेवटच्या बोटीने निघालो. सगळे फोटो तेव्हा मुलीला पाठवले, गटाराचेसुद्धा.

दुबईला परतल्यावर ऑफिस सुरू झालं त्याच आठवड्यात मी बर दुबईतल्या एका टायपिंग सेंटरमध्ये गेलो. दुबईत कुठल्याही सरकारी कामाची सुरुवात टायपिंग सेंटरपासून होते. तुम्ही कागद द्यायचे, तो अरबीत अर्ज टाइप करून देतो. काचेमागे एक केरळचा गृहस्थ होता, माझ्याच वयाचा, चष्मा कपाळावर. बाहेर उकाडा सुरू झाला होता. मी सर्टिफिकेट पुढे सरकवलं.

त्याने चष्मा खाली ओढला. "किसका है, सर?"

"बेटी का."

"बेटी इधर पैदा हुआ?"

"हां."

"स्कूल भी इधर?"

"पूरा. के. जी. से बारहवीं."

"फिर तो इधर का ही है," तो म्हणाला आणि टाइप करू लागला.

एरवी मी त्याला समजावलं असतं. तसं नसतं हो, पासपोर्ट कुठला आहे ते बघा, आपण सगळे पुण्या-केरळचे, इथे पोटासाठी आलेले. हे भाषण मी कितीतरी वेळा केलेलं आहे, मुलीसमोरसुद्धा. या वेळी मी म्हणालो, "हां. इधर की ही है."

त्याने टाइप करता करता विचारलं, "और आप, सर? किधर का?"

"पुणे."

"अच्छा." त्याने बोटं थांबवली आणि चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघून हसला. गंमत म्हणूनच तो बोलला होता. "तो इतना साल आप बेटी के घर में रह गया."

मी हसलो, सर्टिफिकेट घेतलं आणि बाहेर आलो. फुटपाथवर सावली शोधत उभा राहिलो, पण टॅक्सीला हात करायला जमेना, कारण समोरचं काही दिसत नव्हतं. आमच्याकडे बाप मुलीच्या घरी फार दिवस राहत नाही. मी तिच्या जन्मापासून राहिलो होतो.